रक्षकाचा वेष

फसवणुकीचे प्रकार अनंत असले तरी नीतिशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां त्यांचे दोन मोठे वर्ग पडतात. एका वर्गांत फसविणारा मनुष्याच्या लोभास हांक मारतो. दुसऱ्या वर्गांत तो त्याच्या भीतीस, आणि त्याहूनहि अधिक त्याच्या विश्वासास, हांक मारतो. पैसे दुप्पट करून देणारा भोंदू, गुप्तधन काढून देणारा मांत्रिक, न काढलेल्या सोडतीचें बक्षीस लागल्याचें कळविणारा पत्रलेखक हे पहिल्या वर्गांतले. त्यांच्या जाळ्यांत सांपडलेल्या मनुष्याची आपणांस कींव आली तरी तिच्यांत थोडीशी नापसंती मिसळलेली असते. कारण श्रमावांचून द्रव्य मिळविण्याची इच्छा त्याच्या मनांत अगोदर होतीच, असें आपण म्हणतों. दुसऱ्या वर्गांतील फसवणुकीस हा न्याय लावतां येत नाहीं. तेथें फसलेल्या मनुष्यास कांहीं मिळवावयाचें नसतें. जें आहे तें सांभाळावयाचें असतें. 'चोर आले' असें ओरडत एखादा मनुष्य आपल्या घरांत शिरावा, दारें लावण्याच्या मिषानें त्यानें किल्ल्या मागून घ्याव्या, आणि तोच चोर निघावा, असा हा प्रकार आहे. सांप्रत दूरध्वनीवरून यंत्रदुरुस्तीच्या व ग्राहकसेवेच्या नांवाखालीं जी लूट चालली आहे ती या दुसऱ्या वर्गांतली होय. तिच्या निमित्तानें विश्वास, संशय आणि दोष यांविषयींचा जुनाच प्रश्न नव्यानें उभा राहतो. त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या लुटीची रीत समजून घेतल्यावांचून तिचा नैतिक विचार करणें व्यर्थ आहे. संगणकावर कांहीं वाचीत बसलें असतां पडदा एकाएकीं लाल होतो, घंटा वाजूं लागते, आणि 'आपल्या यंत्रांत घातक विषाणु शिरला आहे. यंत्र बंद करूं नका. अमुक क्रमांकावर ताबडतोब फोन करा' अशी सूचना एखाद्या विख्यात कंपनीच्या चिन्हासह झळकते. वस्तुतः मायक्रोसॉफ्ट कंपनीनें जाहीर करून ठेविलें आहे कीं तिच्या खऱ्या सूचनांत दूरध्वनीचा क्रमांक कधींहि नसतो, आणि कोणी मागितल्यावांचून ती दुरुस्तीसाठीं आपण होऊन फोन करीत नाहीं. पण घाबरलेल्या मनुष्यास हें आठवत नाहीं. तो फोन करतो. पलीकडचा आवाज सौजन्याचा असतो आणि भाषा शास्त्राची असते. तो आवाज यंत्रांतील एक नोंदवही उघडावयास सांगतो. निरोगी यंत्रांतहि बारीकसारीक चुकांच्या शेंकडों नोंदी आपोआप होत असतात. त्याच दाखवून 'पाहा, रोग किती पसरला आहे' असें पटविलें जातें. मग दुरून यंत्र हाताळतां यावें म्हणून एक लहानसें साधन उतरवून घेण्यास सांगतात. एनीडेस्कसारखीं हीं साधनें मुळांत प्रामाणिक कामासाठींच निर्माण झालेलीं आहेत. परंतु त्यांवर दिसणारा क्रमांक परक्यास सांगणें म्हणजे घराची किल्ली त्याच्या हातीं देणें होय. भारतीय रिझर्व बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींत या साधनाच्या दुरुपयोगाविषयीं बँकांस सावध केलें होतें. यानंतर दुरुस्तीचें मोल म्हणून पैसे उकळतात, किंवा 'चुकून आपणांस अधिक रक्कम परत गेली' असा देखावा पडद्यावर करून ती 'अधिक' रक्कम मागतात. तोंवर खातें त्यांच्या डोळ्यांपुढें उघडें पडलेलें असतेंच.

आमच्या तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं संगणक घरोघर नाहींत. फोन मात्र आहेत, आणि लुटीनें आपला वेष त्याप्रमाणें बदलला आहे. येथें निरोप येतो कीं मागील महिन्याचें बिल नोंदलें गेलें नाहीं, आज रात्रीं आपली वीज तोडण्यांत येईल, अमुक अधिकाऱ्यास त्वरित फोन करावा. ज्या गांवाजवळ ३३०० मेगावॅट क्षमतेचें औष्णिक वीजकेंद्र उभें आहे, त्याच गांवांतील एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकानें रात्रीच्या अंधाराच्या भयानें परक्या मनुष्याच्या आज्ञा पाळीत बसावें, यांत दैवाचा कांहींसा उपहास आहे. महावितरण कंपनीनें असल्या निरोपांविषयीं ग्राहकांस वेळोवेळीं सावध केलें आहे. तथापि धाक घालणाऱ्याचा आवाज धीर देणाऱ्याच्या आवाजाहून नेहमींच लवकर पोंचतो. दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. पैसे मध्येंच अडकले, गॅसची नोंद झाली नाहीं, आगगाडीचें तिकीट रद्द केलें पण रक्कम परत आली नाहीं, म्हणून मनुष्य स्वतःच आंतरजालावर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतो. आणि जो प्रथम हातीं लागतो तो पुष्कळदां ठगांनींच तेथें पेरून ठेविलेला असतो. पाणवठ्यावर दबा धरून बसलेल्या वाघास हरणामागें धांवावें लागत नाहीं. तहानच त्याला घेऊन येते. नागझिऱ्याच्या रानाशेजारीं राहणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको.

ही रीत नवी वाटली तरी तिचें मर्म जुनें आहे. 'ठग' हा शब्दच झांकणें, लपविणें या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मध्य हिंदुस्थानच्या वाटांवर ठगांच्या टोळ्या फिरत. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांच्या जबान्या व त्यांची सांकेतिक भाषा लिहून काढली, आणि १८३६ सालीं त्यांच्या बंदोबस्ताचा स्वतंत्र कायदा झाला. त्या जबान्यांवरून दिसतें कीं ठग वाटसरूवर एकदम तुटून पडत नसे. आपणहि प्रवासीच आहों असें तो सांगे; पुढील वाट धोक्याची आहे, एकट्यानें जाऊं नये, सोबत असलेली बरी, असें सुचवी; आणि बरोबर चालून, जेवूनखाऊन, विश्वास संपादन केल्यावर मग रुमालाचा फांस आवळी. तो जें भय दाखवी तें खोटें नव्हतें. एवढेंच कीं तें भय तो स्वतःच होता. आजच्या ठगास इतका सहवास घडवावा लागत नाहीं. पूर्वीं जो विश्वास सोबत चालून मिळवावा लागे, तो आतां एखाद्या बँकेच्या किंवा कंपनीच्या नांवावर घटकाभरांत उसना मिळतो.

हा विश्वास इतका स्वस्त कां झाला, याचा विचार केला पाहिजे. जुन्या गांवगाड्यांत अवजार बिघडलें तर तें नीट करणारा परका नसे. नांगराचा फाळ लोहार पाजवी, गाडीचें चाक सुतार बसवी, मोट चांभार शिवी. आणि त्या प्रत्येकाचें घर, बाप, आजा सर्वांस ठाऊक असे. काम वाईट झालें तर सुगीच्या वेळीं खळ्यावर त्याचें बलुतें अडे. त्या व्यवस्थेंतील अन्याय आम्ही विसरलों नाहीं, आणि ती परत यावी असेंहि आमचें म्हणणें नाहीं. येथें मुद्दा केवळ इतकाच कीं त्या काळच्या विश्वासास ओळखीचें तारण होतें. आतां कामाची वांटणी इतकी बारीक झाली आहे कीं मोठा विद्वान् मनुष्यहि आपल्या हातांतील फोनच्या आंत काय चालतें हें सांगूं शकत नाहीं. धापेवाड्याच्या उपसा योजनेच्या पाण्यावर धान पिकविणारा शेतकरी पंपाची घडण जाणत नाहीं. आगगाडींत निजणारा उतारू चालकाची परीक्षा घेत नाहीं. दुसऱ्याच्या ज्ञानावर विसंबणें ही आधुनिक जीवनाची अटच आहे. विश्वास ठेवणें पूर्वींहून अधिक अवश्य झालें, आणि त्याचें तारण तेवढें नाहींसें झालें. कारागीर गेला, आवाज उरला.

असें असतां फसलेल्या मनुष्यास आपण काय म्हणतों? 'इतका शिकलेला, आणि तरी फसला!' किंवा 'अडाणीच तो, फसावयाचाच.' म्हणजे शिकलेला असला तर त्यासाठीं दोषी, आणि नसला तर त्यासाठींहि दोषी! या निवाड्यांत विचार थोडा आणि स्वतःचें समाधान फार आहे. तो मूर्ख होता म्हणून फसला असें एकदां ठरलें, कीं आपण मूर्ख नसल्यामुळें सुरक्षित आहों असें मानण्यास मन मोकळें होतें. या बाबतींत सीताहरणाचा प्रसंग मनन करण्यासारखा आहे. लोककथा सांगते कीं लक्ष्मणानें आंखलेली रेषा सीतेनें ओलांडली आणि अनर्थ ओढवला. वाल्मीकीच्या अरण्यकांडांत ही रेषा नाहीं. तेथें संन्याशाच्या वेषांत दारीं अतिथि येतो, आणि सीता गृहस्थधर्मास अनुसरून त्याचें स्वागत करते. रावणानें तिच्या दोषाचा उपयोग केला नाहीं. तिच्या धर्माचा उपयोग केला. पुढच्या पिढ्यांनीं मात्र एक रेषा कल्पिली, आणि अपराधाचा कांहीं अंश हरण करणाऱ्याकडून हरण झालेल्या स्त्रीकडे सरकविला. फोनवरील ठगास बळी पडलेल्या वृद्धाच्या पायांपुढें आपण अशीच एक रेषा मागाहून ओढीत असतों.

तथापि निर्दोष असणें व सावध असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दार उघडें राहिलें म्हणून चोरी झाली तर घरधनी गुन्हेगार ठरत नाहीं. पण दुसऱ्या रात्रीं त्यानें कडी लावावी हें खरेंच. प्रश्न इतकाच कीं ती कडी कोणती? कित्येक सुज्ञ गृहस्थ सोपा उपाय सांगतात : कोणावरहि विश्वास ठेवूं नये. हा उपाय रोगाहून भयंकर आहे. महाभारतांत अश्वत्थामा पडल्याची वार्ता द्रोणांच्या कानीं प्रथम भीमाकडून आली. ती त्यांनीं खरी मानली नाहीं. त्यांनीं युधिष्ठिरास विचारलें, आणि युधिष्ठिराच्या शब्दावर शस्त्र खालीं ठेविलें. तें असत्य चाललें तें युधिष्ठिराच्या आजन्म सत्यनिष्ठेच्या पुण्याईवर. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत हेंच दुसऱ्या मार्गानें दाखविलें आहे : खोटें वचन देणें हा सर्वांचाच नियम झाला तर वचन या गोष्टीसच अर्थ उरणार नाहीं, आणि मग खोटें वचन देणाराचाहि कार्यभाग साधणार नाहीं. असत्य हें बांडगूळ आहे. तें सत्याच्या झाडावर जगतें. बांडगूळ मारण्यासाठीं झाडच तोडणें याला उपाय कोण म्हणेल? ज्या दिवशीं खात्यांतील संशयास्पद व्यवहाराची चौकशी करणाऱ्या बँकेच्या खऱ्या अधिकाऱ्याचा फोनहि आपण शिव्या देऊन बंद करूं, त्या दिवशीं ठगाचा विजय पुरा होईल. लुटलेले पैसे ही एका घराची हानि. खऱ्या साहाय्यकाचा आवाजहि खोटा वाटूं लागणें ही सर्व समाजाची हानि होय.

आमच्या मतें निवड विश्वास व संशय यांमध्यें करावयाची नसून विश्वास व घाई यांमध्यें करावयाची आहे. जो खरा साहाय्यक आहे त्याचें आपण घटकाभर थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं. जो खोटा आहे त्याचें सर्वस्व त्या एका घटकेंत असतें. म्हणून तो 'आतांच, या क्षणीं' म्हणतो. म्हणून तो फोन ठेवूं देत नाहीं. म्हणून तो 'घरांत कोणास सांगूं नका' असें बजावतो. बोलणाऱ्या मनुष्याची परीक्षा घेण्याच्या भरीस पडूं नये. त्याची तयारी आपल्यापेक्षां अधिक असते. परीक्षा मार्गाची करावी. आलेला फोन खालीं ठेवावा, आणि पासबुकावर, कार्डाच्या पाठीवर किंवा बिलावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. अथवा, आमच्यासारख्या लहान गांवीं हें सहज शक्य आहे, सकाळीं उठून पायीं बँकेंत किंवा वीज कार्यालयांत जावें. कोणतीहि प्रामाणिक संस्था ग्राहकाचा ओटीपी मागत नाहीं, त्याच्या फोनचा ताबा मागत नाहीं, आणि दुरुस्तीचें मोल भेटकार्डांच्या रूपानें घेत नाहीं. यूपीआयचा गुप्तांक पैसे देतांना लागतो, घेतांना कधींहि लागत नाहीं, एवढें एक वाक्य घरोघर पाठ असलें तरी पुष्कळ अनर्थ टळेल. पोलिसांचा वेष घालून 'डिजिटल अटक' करणारे हे याच कुळांतले. अशी अटक आपल्या कायद्यांत नाहींच. आणि २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणांत पंतप्रधानांनींहि लोकांस प्रथम थांबावें, मग विचार करावा, मग कृति करावी, असेंच सांगितलें.

आतां दुसऱ्या एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, आणि आमच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची आहे. पैसे गेल्यावर पहिले कांहीं तास मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविली तर एका खात्यांतून दुसऱ्यांत पळणारी रक्कम वाटेंत अडविण्याचा संभव असतो. रिझर्व बँकेनें २०१७ च्या जुलैंत काढलेल्या परिपत्रकांतहि वेळेलाच महत्त्व दिलें होतें : ग्राहकानें स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळें हानि झाली असली तरी बँकेस कळविल्यानंतर जी हानि होईल ती बँकेनें सोसावी, असा त्याचा दंडक होता. पण हे मोलाचे तास जातात कशांत? लाजेंत. नागपूर-पुण्यास नोकरी करणारा मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, शेजारी हसतील, या विचारांत वृद्ध पिता दिवसभर गप्प बसतो. रात्रीं धीर करून सांगतो, तेव्हां पहिला प्रश्न येतो : 'तुम्हांला कितीदां सांगितलें होतें?' ठगानें सांगितलें होतें, 'कोणास बोलूं नका'. आणि आपल्या घरच्या बोलण्याच्या धाकानें ती त्याची आज्ञा पाळली गेली. ज्या घरांत चूक निर्भयपणें सांगतां येते त्या घरांत ठगाचा निम्मा धंदा बुडतो. मुलांनीं आईबापांस फोन वापरावयास शिकविलें हें योग्यच झालें. पण फसल्यास प्रथम आम्हांसच सांगा, आम्ही रागावणार नाहीं, हें वचन त्याबरोबर दिलें होतें काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

येथवर आपण फोन घेणाराचा विचार केला. फोन करणाराचाहि केला पाहिजे, कारण तो कोठून दूरदेशाहून आलेला राक्षस नसतो. २०१६ च्या ऑक्टोबरांत ठाणें पोलिसांनीं मीरा रोड येथील दूरध्वनिकेंद्रांवर छापे घातले. तेथून अमेरिकन नागरिकांस त्यांच्या करखात्याच्या नांवानें फोन केले जात. कर थकला आहे, आतांच अटक होईल, असा धाक घालून पैसे उकळले जात. शेंकडों तरुण-तरुणींस चौकशीसाठीं ताब्यांत घेण्यांत आलें. अशाच फसवणुकीच्या दुसऱ्या खटल्यांत अमेरिकेच्या न्यायखात्यानें त्याच महिन्यांत ५६ व्यक्तींवर व भारतांतील पांच केंद्रांवर आरोप जाहीर केले. २०२५ च्या मे महिन्यांत पुण्याच्या खराडी भागांतहि अमेरिकन नागरिकांस गंडविणारें केंद्र पोलिसांनीं उघडकीस आणलें. या खोल्यांत बसणारीं बहुतेक मुलें आमच्या-तुमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसारखींच असतात. इंग्रजी बरें, नोकरी नाहीं, घरून विचारणा चालू. अशा स्थितींत जो पगार पुढें येतो तो घेतला जातो.

त्यांचीं समर्थनें ठराविक आहेत. 'मीं फक्त लिहून दिलेलें वाचलें.' 'तीं माणसें श्रीमंत होतीं.' 'मीं न केलें तर दुसरा करीलच.' पहिल्याचें उत्तर असें कीं वाचणाऱ्या आवाजावरच समोरचा मनुष्य विश्वासला. लिहिणाऱ्याचा कागद त्यानें पाहिलाच नाहीं. दुसऱ्याचें असें कीं अमेरिकेंतील एकाकी वृद्धेची आयुष्यभराची शिल्लक आणि तिरोड्यांतील शिक्षकाचा निवृत्तिनिधि यांत रकमेचा फरक असेल, घाबरण्यांत नाहीं. आणि तिसरें समर्थन चालवून घेतलें तर जगांत कोणतेंहि पाप कोणाचेंच राहणार नाहीं. वेष पालटून संगणकद्वारा ठकविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-डी या कलमानें तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. पण ती शिक्षा भोगावी लागो वा न लागो, दुसऱ्याच्या विश्वासावर पोट भरणाऱ्यास स्वतः कोणावर विश्वास ठेवणें पुढें कठीण जातें, ही शिक्षा कोणत्याहि न्यायालयावांचून होते. अर्थात् जुलमानें या कामास लाविलेल्यांचा विचार निराळा. २०२५ च्या मार्चांत म्यानमार-थायलंडच्या सीमेवरील फसवणूककेंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांस सरकारनें विमानानें स्वदेशीं आणलें. त्यांपैकीं पुष्कळांस चांगल्या नोकरीच्या आमिषानेंच तिकडे नेलें होतें. ठगांच्या टोळींत ठगलेले लोकहि असतात.

सारांश, या संकटाचा उपाय केवळ यंत्रज्ञांच्या हातीं नाहीं. पूर्वींच्या विश्वासास जें ओळखीचें तारण होतें तें आपणांस नव्या रीतीनें निर्माण करावें लागेल. गांवांतील प्रत्येक वृद्धास, एकट्या राहणाऱ्या प्रत्येक स्त्रीस, असा एक तरी ओळखीचा मनुष्य असावा कीं जो फोन आल्यावर 'थांबा, मी येतों' असें म्हणेल. तो शेजारचा विद्यार्थी असेल, पेढीवरचा कारकून असेल, ग्रंथालयांतील सेवक असेल. त्याला संगणकाचें शास्त्र येण्याची फारशी गरज नाहीं. त्यानें हसूं नये आणि घाई करूं नये, एवढें पुरे. खोट्या रक्षकांचा धंदा जेथें बरकतीस येतो तेथें खरे रक्षक आपापल्या कामांत गुंतलेले असतात. ठगास दोष देण्याचें काम न्यायालयें करतील. ती जागा रिकामी न ठेवण्याचें काम आपलें आहे.